शौर्याला साक्षीदार लागतो

१२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरच्या सारागढीच्या छोट्याशा चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान हजारो टोळीवाल्यांशी लढता लढता कामी आले. एकही वाचला नाही. तरीही त्या दिवशी तिथे काय घडले ते आपल्याला बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहे, कारण गुरमुख सिंग हा जवान आरशाने सूर्यप्रकाश परतवून शेजारच्या लॉकहार्ट किल्ल्यावर अखेरपर्यंत संदेश धाडत होता. त्या २१ जणांना ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ देण्यात आली. भारतीय शिपायाला त्या काळी मिळू शकणारे तेच सर्वोच्च शौर्यपदक होते. चौकीत एक सेवकही होता. तोही तिथेच मारला गेला, पण पदकांच्या यादीत तो नाही. पदक म्हणजे शौर्य मोजण्याचे माप, अशी आपली समजूत असते. ज्याचे पदक मोठे तो अधिक शूर, ज्या पलटणीकडे पदके जास्त ती अधिक लढाऊ, असा हिशेब आपण सहज मांडतो. पदकांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेल्या, लक्षात ठेवलेल्या आणि वेळेत लिहून वर पाठवलेल्या शौर्यालाच पदक मिळते. असे म्हटल्याने पदकाचा मान कमी होत नाही. उलट तो मान कशावर उभा आहे आणि कुठे अपुरा पडतो, ते यामुळेच कळते.

स्वतंत्र भारताची शौर्यपदके दोन मालिकांत विभागलेली आहेत. शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. ही तिन्ही २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आली, कारण काश्मीरची लढाई तोवर होऊन गेली होती. शत्रूशी थेट युद्ध नसताना, म्हणजे दहशतवाद्यांशी चकमकीत, आगीत, पुरात किंवा दुर्घटनेत दाखवलेल्या शौर्यासाठी दुसरी मालिका १९५२ मध्ये आली. आधी तिला अशोक चक्राचे तीन वर्ग म्हणत. १९६७ पासून त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे मिळाली. ही दुसरी मालिका पोलिसांना आणि सामान्य नागरिकांनाही खुली आहे. याखेरीज सेना पदक, नौसेना पदक आणि वायुसेना पदक आहेत. आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके आहेत, ज्यांच्याकडे पुढे यायचेच आहे.

परमवीर चक्राची घडण मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. मूळच्या स्वित्झर्लंडच्या आणि विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच होऊन गेलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी त्याचे चित्र रेखाटले. भारतीय पुराणांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. कांस्याच्या साध्या चकतीवर मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, आणि जांभळी फीत. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींतून घडले, ही कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. त्यामुळे सोन्याचांदीचा लवलेश नसलेले हे पदक पाहताना त्यामागचा विचार कोणी समजावून सांगावा लागत नाही. पहिले परमवीर चक्र मिळाले मेजर सोमनाथ शर्मा यांना, ३ नोव्हेंबर १९४७ च्या बडगामच्या लढाईसाठी. डावा हात प्लास्टरमध्ये असतानाही ते कंपनी घेऊन पुढे गेले होते, आणि त्यांचा शेवटचा संदेश वायरलेसवरून ब्रिगेडच्या मुख्यालयात पोचला होता. इथेही कोणीतरी ऐकत होते. आजवर २१ जणांना हे पदक मिळाले. त्यांतले १४ मरणोत्तर.

पदकाचा प्रवास सुरू होतो तो कागदावर. लढाई संपल्यावर पलटणीचा कमांडिंग अधिकारी आपल्या जवानाच्या कामगिरीचा वृत्तांत लिहितो. फौजेत त्याला सायटेशन म्हणतात. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब त्याला जोडलेले असतात. मग तो कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कमांड असा वर चढत सेना मुख्यालयात आणि पुढे संरक्षण मंत्रालयात जातो. प्रत्येक पायरीवर कोणीतरी तो वाचतो, तपासतो, कधी एक पायरी खालचे पदक सुचवतो, कधी फेटाळतो. शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने प्रजासत्ताकदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी यादी जाहीर होते. या सगळ्या वाटेत पदक ठरवणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही ती लढाई पाहिलेली नसते. त्यांच्यासमोर असतात दोन-तीन माणसांचे शब्द, तेही थकलेल्या, जखमी, सोबती गमावलेल्या माणसांचे. म्हणून ज्या शौर्याला साक्षीदार उरला, ज्याचा साक्षीदार बोलू शकला, आणि ज्याच्या अधिकाऱ्याला ते नीट लिहिता आले, तेच मुख्यालयापर्यंत पोचते.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांचे उदाहरण याची उजळ बाजू दाखवते. १९४० मध्ये साधा शिपाई म्हणून ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीचे मुख्यालय असलेल्या अभियंत्यांच्या दलात, भरती झाले. एप्रिल १९४८ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट होते. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट भूसुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी बंद केली होती. ८ एप्रिलला कामाला हात घालताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे मारले गेले आणि राणे स्वतः जखमी झाले. तरी पुढचे तीन दिवस ते वाट मोकळी करत राहिले. रणगाड्यांच्या पोटाखालून सरपटत त्यांनी सुरुंग काढले, समोरून मशीनगन चालू असताना झाडांचे अडथळे उडवले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. या कामात शत्रूवर चाल नाही, संगीन नाही. अभियंत्याचे, एरवी कोणाच्या डोळ्यांत न भरणारे काम आहे. पण राणे यांच्या मागे रणगाड्यांची अख्खी रांग उभी होती आणि वाट मोकळी झाल्याशिवाय ती एक यार्डही सरकू शकत नव्हती. प्रत्येक चालक त्यांच्याकडेच पाहत होता. जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणाऱ्या सात जणांत राणे आले ते त्यांच्या असामान्य धैर्यामुळेच. ते धैर्य इतक्या डोळ्यांसमोर घडले, याचाही त्यात वाटा आहे.

आता दुसरी बाजू. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या रेझांग ला येथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी चिनी हल्ल्यापुढे जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. वाचलेल्या मोजक्या जवानांनी खाली येऊन जे सांगितले त्यावर पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही. ते वर्ष पराभवाचे होते. अशा वर्षात असले शौर्य घडले असेल हेच अनेकांना पटत नव्हते. पुढे फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फ उतरू लागल्यावर तिथे गेलेल्यांना मोर्च्यांमध्ये गोठलेले देह सापडले. कोणाच्या हातात बंदूक तशीच होती. जखमींची शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. मॉर्टरचे बाँब जवळजवळ सगळे वापरून झाले होते. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र आणि कंपनीतल्या इतर अनेकांना पदके मिळाली ती जिवंत माणसांच्या शब्दाला बर्फाने दुजोरा दिल्यावर. थंडी थोडी कमी असती, प्राण्यांनी ते मोर्चे विस्कटले असते, तर काय झाले असते, याचा विचार करावा. त्याच युद्धात पँगाँग सरोवराकाठच्या सिरीजाप चौकीचे मेजर धनसिंग थापा यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले, आणि नंतर कळले की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. घरच्यांनी तोवर अंत्यविधीही उरकले होते. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव यांचेही नाव आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. त्याच नावाचा दुसरा जवान मारला गेला होता, आणि हे योगेंद्र जखमांनी चाळण होऊन रुग्णालयात होते. देशाच्या सर्वोच्च पदकाबाबत, ज्याची छाननी सर्वांत काटेकोर, तिथेही माणूस जिवंत आहे की नाही इतकी ठळक गोष्ट दोनदा चुकली. मग कुठल्या तरी खिंडीत एकट्या जवानाने काय केले, ती बारीक गोष्ट किती वेळा हातून निसटली असेल?

साक्ष कोठून येईल याचाही नेम नसतो. टायगर हिलच्याच लढाईत पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हा त्यांचा हुद्दा नव्हे, नाव) प्रतिहल्ल्यात मारले गेले. त्यांची झुंज आपल्या जवानांनी जवळून पाहिली होती. तिथल्या भारतीय ब्रिगेडचे प्रमुख एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांचा देह परत पाठवताना, हा अधिकारी शौर्याने लढला आणि त्याचे त्याला श्रेय मिळावे, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवली. पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. बाजवा यांच्या या वागण्यातला उमदेपणा खरा सैनिकच समजू शकतो. पण माझ्या मुद्द्यासाठी त्याहून महत्त्वाचे हे की, ज्या शौर्याला स्वतःच्या बाजूचा साक्षीदार उरत नाही त्याची खात्री फक्त शत्रूलाच असते, आणि असा शत्रू प्रत्येक मोर्च्यावर भेटत नाही.

परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची यादी हुद्द्यांनुसार पाहिली तर त्यांत १२ अधिकारी आहेत आणि नऊ जवान व ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी. सैन्यात जवानांची संख्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी पट असते. यावर लष्करातली माणसे एक रास्त उत्तर देतील: आपल्या फौजेत अधिकारी मागे राहून हुकूम सोडत नाहीत, तुकडीच्या पुढे धावतात, म्हणून ते मरतातही जास्त आणि पदकेही त्यांच्या वाट्याला जास्त येतात. हे खरे आहे, आणि सोमनाथ शर्मांपासून कारगिलच्या कॅप्टन विक्रम बात्रांपर्यंतची नावे त्याचा पुरावा आहेत. पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. पुढे असलेला अधिकारी सगळ्या तुकडीला दिसतो, वायरलेसवर त्याचाच आवाज जातो, आणि त्याच्याबद्दल लिहिणारेही अधिकारीच असतात. डाव्या टोकाच्या बंकरमध्ये एकटा उरलेला शिपाई कोणाला दिसतो? नौदलाला आजवर एकही परमवीर चक्र मिळालेले नाही, तेही मला याच कारणाशी जोडावेसे वाटते. जहाजावरची लढाई शेकडो हातांनी मिळून लढली जाते, आणि जहाज बुडाले की बहुतेक साक्षीदारही बुडतात. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. वाचलेल्या खलाशांनी ते सांगितले म्हणून त्यांना महावीर चक्र मिळाले. त्याच बोटीच्या पोटात, इंजिनरूममध्ये, कोणी काय केले ते सांगायला वर कोण आले?

महाराष्ट्रात या विषयावर बोलणे निघाले की एक सल हमखास निघतो: मराठा लाइट इन्फंट्रीला एकही परमवीर चक्र कसे नाही? सल खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तुकडीतले जवळजवळ सगळे पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, शेवटच्या शत्रूंना बंदुकीच्या दस्त्याने झोडपून ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून उचलून सुरक्षित जागी नेले, परत येऊन एकामागून एक मशीनगन बंद पाडल्या, आणि मग बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्यांना बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत परतले. गंमत अशी की हेच दोघे पन्नास वर्षे आधी लढले असते तर व्हिक्टोरिया क्रॉसचा प्रश्नच उद्भवला नसता, कारण १८५६ मध्ये स्थापन झालेले ते पदक १९११ पर्यंत भारतीय शिपायांना बंदच होते. त्या ५५ वर्षांत भारतीय शिपाई कमी शूर होते, असे कोणी म्हणणार आहे का? पलटणीच्या नावापुढचे पदकांचे आकडे मोजणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन युद्धांत दोनदा महावीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटच्या मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या नावांचा अभिमान जरूर असावा. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून समाजांची प्रतवारी मात्र लावू नये.

यावर कोणी म्हणेल, पदक जर इतके योगायोगावर अवलंबून असेल तर वीरगती मिळालेल्या प्रत्येकालाच का देऊ नये? या मागणीमागचे दुःख मला समजते, तरी ती मला मान्य नाही. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या सैनिकाचे नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरण्याची सोय २०१९ पासून आहे, आणि बलिदानाचा सन्मान तिथे होतो. शौर्यपदक एका विशिष्ट कृतीसाठी असते, आणि ते दुर्मीळ असते म्हणूनच त्याच्यापुढे जनरलही सलाम करतो. साक्षीची अट काढून टाकली तर उरतील शिफारशी, ओळखी आणि दबाव. तुकाराम ओंबळे यांचे उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या पोलिसाने रिकाम्या हातांनी दहशतवाद्याची रायफल धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलत सोडली नाही. सहकारी तिथे होते. जिवंत पकडलेला दहशतवादी हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा होता. दोन महिन्यांत त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. साक्ष भक्कम असली की पदकाला असे निर्विवाद वजन येते. म्हणून अट राहू द्यावी आणि साक्ष मिळवण्याचे काम जास्त चांगले करावे.

सेवा पदकांबद्दल मात्र माझी तक्रार स्पष्ट आहे. दीर्घ, उत्तम सेवेचा गौरव व्हायलाच हवा. शांतपणे दलाची घडी बसवणारा अधिकारीही देशाचे रक्षणच करत असतो. पण पदके छातीवर लावण्याच्या अधिकृत क्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी येते, आणि अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी. ही सेवा पदके मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतात. समर्थक म्हणतात, क्रम हा फक्त फिती लावण्याचा आहे, त्यातून कोण श्रेष्ठ ते ठरत नाही. पण गणवेशात क्रमालाच अर्थ असतो. शिवाय साक्षीच्या कसोटीवर पाहिले तर सेवा पदकाची साक्ष वर्षानुवर्षांच्या गोपनीय अहवालांतून आपोआप साठत जाते, ती हरवत नाही. महावीर चक्राची साक्ष काही मिनिटांची असते आणि तिच्यासाठी माणसे मेलेली असतात. जे मिळणे जास्त अवघड, ते खाली ठेवणे मला अन्याय्य वाटते. शत्रूसमोर मिळालेले प्रत्येक चक्र सेवेच्या कोणत्याही पदकाच्या वर असावे.

सरकारने दोन गोष्टी कराव्यात. चकमकीनंतर पलटणीतल्या प्रत्येक वाचलेल्याचा जबाब त्याच्या मातृभाषेत, ध्वनिमुद्रित करून घ्यावा. सांगली-साताऱ्याचा शिपाई जे मराठीत घडाघडा सांगतो, ते अधिकाऱ्याच्या इंग्रजी कागदावर उतरताना अर्धे आटते. आणि मंजूर झालेली सायटेशन्स, जुनी आणि नवी, मराठीसह सगळ्या भाषांत छापून त्या त्या जवानाच्या गावच्या शाळेत ठेवावीत. गावाच्या वेशीवर वीराचा पुतळा असतो, पण त्याने नेमके काय केले ते चार ओळींत सांगू शकणारी माणसे गावात विरळाच असतात. आणि एक काम सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. ज्यांच्या घरात किंवा शेजारी लढाई पाहिलेला निवृत्त जवान आहे, पदक मिळालेला असो वा नसो, त्यांनी त्याच्यापाशी बसून त्याचे सांगणे यंदाच लिहून घ्यावे, त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या सोबत्यांची नावे विचारून घ्यावीत. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे.